आभासी डेस्कटॉपचे गणित : सर्व्हर यंत्राचा, परवाना माणसांचा

गाझियाबाद : साहिबाबाद येथील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड अर्थात सीईएल या केंद्रीय सार्वजनिक उपक्रमाच्या आवारात एप्रिल २०२५ मध्ये हरित डेटा सेंटरची पायाभरणी झाली. केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते झालेल्या या प्रकल्पाची नियोजित क्षमता ३० मेगावॉट असून सीईएलची भागीदार आहे नाशिकची ईएसडीएस ही कंपनी. १९७४ मध्ये स्थापन झालेला आणि सौर घटांच्या निर्मितीसाठी ओळखला जाणारा हा उपक्रम आता इतरांची माहिती सांभाळण्याच्या व्यवसायात उतरला आहे.

या आवारापासून काही किलोमीटरच्या परिसरात, राजनगरच्या डिस्ट्रिक्ट सेंटरमधील सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांपासून बुलंदशहर रस्त्यावरील सुट्या भागांच्या कारखान्यांपर्यंत, शेकडो लहान कार्यालये आहेत. त्यांच्यापुढचा प्रश्न मेगावॉटचा नाही. पंधरा, पंचवीस किंवा चाळीस कर्मचाऱ्यांना एकाच सर्व्हरवरून संगणकाचा पडदा पुरवायचा असेल, तर तो सर्व्हर स्वतःच्या कार्यालयात ठेवावा की भाड्याने घ्यावा, आणि कोणताही मार्ग स्वीकारला तरी परवाने नेमके कशाचे व किती घ्यावे लागतात, हा तो प्रश्न आहे. पुणे, नागपूर किंवा इंदूर येथील कार्यालयांनाही तो तितकाच लागू पडतो. नियम सर्वत्र सारखेच आहेत.

दिल्ली परिसरात या विषयाला दोन कारणांनी निकड आली आहे. पहिले कारण हवेचे. हिवाळ्यात प्रदूषण वाढले की वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाची श्रेणीबद्ध कृती योजना लागू होते आणि तिच्या वरच्या टप्प्यांत निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम देण्याचा निर्णय राज्य सरकारे घेऊ शकतात. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी या योजनेचा चौथा टप्पा लागू झाल्यानंतर दिल्ली सरकारने आपल्या कार्यालयांसाठी असा निर्णय घेतलाही होता. दुसरे कारण विंडोज १० या प्रणालीचे. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर जुन्या संगणकांत नसतो. असे संगणक भंगारात काढण्याऐवजी केवळ पडदा, कळफलक आणि माउस म्हणून वापरावेत आणि प्रत्यक्ष काम सर्व्हरवर व्हावे, ही कल्पना त्यामुळे पुन्हा पुढे आली आहे.

कल्पना मात्र जुनीच आहे. एका मोठ्या यंत्राची अनेक आभासी यंत्रांत विभागणी करण्याचे तंत्र आयबीएमने १९६० च्या दशकात विकसित केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणले. विंडोजच्या जगात सिट्रिक्सने १९९५ मध्ये विनफ्रेम हे उत्पादन दिले आणि मायक्रोसॉफ्टने १९९८ मध्ये टर्मिनल सर्व्हर आणला. आजच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, म्हणजे आरडीएस, त्याच वंशातील आहेत.

दोन रचना, दोन हिशेब

आभासी डेस्कटॉप हा शब्द सरसकट वापरला जात असला तरी त्यामागे दोन वेगळ्या रचना आहेत. पहिल्या रचनेत विंडोज सर्व्हर या एकाच प्रणालीत अनेक कर्मचारी एकाच वेळी आपापले सत्र उघडतात. वाड्याचे दार एक आणि खोल्या अनेक, असे तिचे स्वरूप असते. दुसऱ्या रचनेत प्रत्येक कर्मचाऱ्यासाठी सर्व्हरवर एक संपूर्ण आभासी संगणक चालतो आणि त्यात बहुधा विंडोज ११ असते; म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र बिऱ्हाड मिळते. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. परवान्याच्या कागदावर मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे.

दुसरी रचना महाग पडते. नव्या लॅपटॉपबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या लॅपटॉपशी बांधलेला असतो. तो उचलून सर्व्हरवरील आभासी यंत्राला देता येत नाही. तेथे विंडोज एंटरप्राइझची माणशी वर्गणी किंवा व्हर्च्युअल डेस्कटॉप ॲक्सेस हा स्वतंत्र अधिकार घ्यावा लागतो. जुना संगणक किंवा थिन क्लायंट वापरून खर्च वाचवू पाहणाऱ्यांना हा मुद्दा बहुतेक वेळा खरेदीनंतर कळतो. लेखा, पत्रव्यवहार आणि ब्राउझर एवढेच काम असलेल्या लहान कार्यालयासाठी पहिली, सत्रांची रचना पुरेशी ठरते. पुढील विवेचन मुख्यतः तिच्याविषयी आहे.

मोजायचे काय?

सत्रांच्या रचनेत तीन गोष्टी स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात आणि त्यांची एकके निरनिराळी आहेत.

पहिली मोजणी यंत्राची. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरमधील कोअरच्या संख्येवर ठरतो. सर्व्हरमधील प्रत्येक कोअरचा परवाना घ्यावा लागतो. प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरले जातात. सर्व कोअरचा परवाना घेतल्यावर स्टँडर्ड आवृत्तीत दोन आभासी यंत्रे चालवता येतात. चार हवी असतील, तर त्याच सर्व कोअरचा परवाना दुसऱ्यांदा घ्यावा लागतो. डेटासेंटर आवृत्तीत यंत्रांच्या संख्येवर मर्यादा नाही, पण तिची किंमत स्टँडर्डच्या कित्येक पट आहे.

येथेच एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो, जो विक्रेते क्वचितच सांगतात. कोअरवर परवाना लागतो, मेमरीवर लागत नाही. प्रत्येकी १२ कोअरचे दोन प्रोसेसर घेतले तर २४ कोअरचा परवाना लागतो; भविष्याची सोय म्हणून प्रत्येकी ३२ कोअरचे दोन घेतले तर तो आकडा ६४ वर जातो आणि अतिरिक्त ४० कोअर रिकामे बसले तरी त्यांचे पैसे मोजावेच लागतात. लहान कार्यालयाने कमी पण वेगवान कोअर घ्यावेत आणि उरलेला पैसा मेमरी व एसएसडीवर खर्च करावा, हे शहाणपणाचे.

दुसरी मोजणी सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्यांची. सर्व्हरच्या परवान्याने सर्व्हर चालवण्याचा अधिकार मिळतो. त्याच्याशी जोडले जाण्याचा अधिकार वेगळा असतो. त्याला क्लायंट ॲक्सेस लायसन्स म्हणतात आणि व्यवहारात सर्रास ‘कॅल’ म्हटले जाते. आभासी डेस्कटॉपसाठी दोन कॅल लागतात. एक विंडोज सर्व्हरचे साधे कॅल, दुसरे त्यावर आरडीएसचे कॅल. पहिले घेतले की दुसरे त्यातच आले, हा समज चुकीचा आहे. सर्व्हरबरोबर दोन सत्रे मोफत मिळतात हेही खरे, परंतु ती केवळ सर्व्हरच्या देखभालीसाठी असतात. त्यांवर दोन लेखनिकांना रोजच्या कामाला बसवणे नियमबाह्य आहे.

कॅल माणसाच्या नावे घेता येते किंवा उपकरणाच्या. समजा, एखाद्या कारखान्यात दोन पाळ्यांत मिळून ४० जण काम करतात आणि संगणक २५ आहेत. उपकरणाची २५ कॅल तेथे पुरतात. माणसांच्या नावे घेतली तर ४० लागतील. याउलट १५ जणांच्या लेखापाल कार्यालयात प्रत्येक जण कार्यालयातील संगणक, स्वतःचा लॅपटॉप आणि घरचा संगणक अशा तीन ठिकाणांहून काम करत असेल, तर उपकरणांची संख्या ४५ होते आणि माणसांची १५ च राहते. प्रदूषणाच्या काळात घरून काम देण्यासाठी ही व्यवस्था उभारणाऱ्याने माणसांच्या नावेच कॅल घ्यावे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

सर्वाधिक गल्लत होते ती येथे. मेमरीचा हिशेब एका वेळी काम करणाऱ्यांवर करायचा असतो. ४० पैकी एका वेळी २५ जण बसत असतील आणि प्रत्येकाला सुमारे ३ जीबी धरली, तर ७५ जीबी लागते. प्रणालीसाठी आणि वाढीसाठी जागा ठेवून ९६ ते १२८ जीबी मेमरीचा सर्व्हर घेता येतो. कॅलचा हिशेब मात्र ‘एका वेळी किती’ हा प्रश्नच विचारत नाही. महिन्यातून एकदा डोकावणारा लेखापरीक्षकही त्यात मोजला जातो. विक्रेत्याला ‘पंचवीस युजर’ असे मोघम सांगून घेतलेला सर्व्हर यामुळे मेमरीच्या दृष्टीने बरोबर आणि परवान्याच्या दृष्टीने अपुरा ठरतो. सिट्रिक्ससारख्या काही उत्पादनांत एकाच वेळी जोडलेल्यांवर आधारित परवाना मिळत आला आहे, एनव्हिडियाचे आभासी ग्राफिक्सचे परवानेही तसेच मोजले जातात. पण त्या सवलतीने त्याखालच्या विंडोजच्या कॅलची संख्या कमी होत नाही.

तिसरी मोजणी त्या डेस्कटॉपवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्ड व एक्सेल ही साधने अनेकांच्या सामाईक सर्व्हरवर चालवण्यासाठी सामाईक संगणक सक्रियता ही सोय लागते. बिझनेस स्टँडर्ड योजनेत ती नाही, बिझनेस प्रीमियम योजनेत आहे. दोन्ही योजनांची नावे इतकी सारखी आहेत की मागणीपत्रात चूक होणे स्वाभाविक आहे. टॅलीसारख्या लेखा सॉफ्टवेअरमध्येही एका वापरकर्त्याची सिल्व्हर आणि अनेक वापरकर्त्यांची गोल्ड असे वेगळे परवाने आहेत.

१२० दिवसांचा भ्रम

आरडीएसची भूमिका सर्व्हरवर बसवल्यानंतर परवाना सर्व्हर न जोडताही ती १२० दिवस चालते. ही मुदत चाचणीसाठी आहे. परंतु अनेक ठिकाणी यंत्रणा उभारणारा तंत्रज्ञ काम ‘चालू’ करून देतो, त्याचे बिल चुकते होते आणि चार महिन्यांनी एका सकाळी कोणालाच सत्र उघडता येत नाही. जीएसटी विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी असे घडले तर काय होते, हे लेखापालांना सांगायला नको.

परवाना सर्व्हर सक्रिय करून त्यात कॅल नोंदवले, तरी दोन खाचखळगे उरतात. कॅल ज्या आवृत्तीचे, तिच्याहून नव्या सर्व्हरवर ते चालत नाही. विंडोज सर्व्हर २०१९ साठी घेतलेले आरडीएस कॅल २०२२ च्या सर्व्हरला पुरत नाही. २०२२ चे कॅल २०१९ च्या सर्व्हरवर चालते. दुसरे असे की, माणसांच्या नावे घेतलेल्या कॅलसाठी सर्व्हर डोमेनमध्ये असावा लागतो. डोमेन न उभारता, नुसत्या वर्कग्रुपमध्ये ठेवलेल्या २०१९ किंवा त्यानंतरच्या सर्व्हरवर असे कॅल लावले, तर परवान्यात अडचण असल्याचा संदेश येतो आणि ६० मिनिटांनी सत्र तुटते. दर तासाला तुटणाऱ्या सत्राचे खापर मग इंटरनेट जोडणीवर फोडले जाते.

हे टाळण्याची रचना साधी आहे. सर्व्हरच्या मूळ थरावर केवळ हायपर-व्ही ही आभासीकरणाची सोय ठेवावी. स्टँडर्ड परवान्याने मिळणाऱ्या दोन आभासी यंत्रांपैकी एकावर डोमेन कंट्रोलर आणि परवाना सर्व्हर, दुसऱ्यावर कर्मचाऱ्यांची सत्रे. मूळ थर फक्त आभासी यंत्रे चालवण्यापुरता वापरला तर तो दोनमध्ये धरला जात नाही. त्यावर फाइल सर्व्हर किंवा टॅली बसवले की तो धरला जातो. कर्मचाऱ्यांचे सत्र आणि डोमेन कंट्रोलर एकाच यंत्रावर ठेवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. ज्या यंत्रावर प्रत्येक जण ईमेलची जोडपत्रे उघडतो, तेथे सर्वांच्या पासवर्डची तिजोरी ठेवू नये.

उपकरणांच्या कॅलमध्ये परवाना सर्व्हर प्रत्येक उपकरणाला मोजून परवाना देतो आणि संख्या संपली की नव्या उपकरणाला कायमचा परवाना मिळत नाही. माणसांच्या कॅलमध्ये मात्र ठरलेल्या संख्येपलीकडे लोक जोडले गेले तरी यंत्रणा त्यांना अडवत नाही. अडवले नाही म्हणून चालते, असा अर्थ त्यातून काढला जातो. पण हिशेबाची जबाबदारी करारानुसार ग्राहकावरच असते आणि पडताळणी झाली की फरक भरावा लागतो.

मोफत थर आणि महागलेला थर

आभासीकरणाचा मूळ थर कोणाचा घ्यावा, याचे उत्तर गेल्या काही वर्षांत बदलले. दीर्घकाळ व्हीएमवेअर हे सर्वमान्य नाव होते. २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉमने ती कंपनी ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत ठेवली. मोफत ईएसएक्सआय फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाले, एप्रिल २०२५ मध्ये परतले. आभासी डेस्कटॉपचे होरायझन हे उत्पादन २०२४ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेले आणि ओम्निसा या नव्या नावाखाली विकले जाऊ लागले. एकदा पैसे भरून निश्चिंत झालेल्या ग्राहकांना या घडामोडींनी दरवर्षीच्या खर्चाच्या रांगेत उभे केले.

त्यातून लिनक्समधील केव्हीएमवर आधारलेल्या प्रॉक्समॉक्ससारख्या मुक्तस्रोत पर्यायांकडे ओढा वाढला. ते वापरण्यास शुल्क नाही. तांत्रिक आधार हवा असेल तर प्रोसेसरच्या संख्येवर वार्षिक वर्गणी आहे. एक सावधगिरी येथे आवश्यक आहे. खालचा थर मोफत असला तरी त्यावर चालणाऱ्या विंडोज सर्व्हरचे कोअर आणि कॅल तसेच लागतात. संपूर्ण सुटका हवी असेल तर डेस्कटॉपही लिनक्सचाच असावा लागतो. केवळ ब्राउझरवर चालणाऱ्या कामासाठी तो पर्याय आज पूर्णतः व्यवहार्य आहे, विंडोजशी बांधलेल्या सॉफ्टवेअरसाठी नाही.

स्वस्त चावी

ऑनलाइन बाजारात ‘५० युजर आरडीएस कॅल’ची चावी काही शे रुपयांत मिळते. चावी लागू होते, परवाना सर्व्हर हिरवी खूण दाखवतो आणि खरेदीदार समाधानी होतो. चावी चालणे आणि परवाना असणे या भिन्न गोष्टी आहेत. परवान्याचा पुरावा म्हणजे अधिकृत विक्रेत्याचे देयक आणि ग्राहकाच्या नावावरील नोंद. यांपैकी काहीच अशा व्यवहारात हाती येत नाही. साध्या विंडोज १० किंवा ११ वर एकाच वेळी अनेकांना जोडू देणाऱ्या ‘पॅच’ची गतही तीच. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार संगणक प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. वापर व्यापारी लाभासाठी नसल्यास न्यायालय कारावास टाळू शकते. कार्यालयाला तो बचाव मिळणे कठीण.

कायद्याहून तातडीचा धोका सुरक्षेचा आहे. घरून जोडता यावे म्हणून राउटरवर ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडे करण्याची पद्धत लहान कार्यालयांत रूढ आहे. खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या टोळ्यांचा तो आवडता दरवाजा. मे २०१९ मध्ये ब्लूकीप ही त्रुटी उघड झाली तेव्हा तिचे गांभीर्य पाहून मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. आरडी गेटवे किंवा व्हीपीएन आणि त्यावर दुहेरी पडताळणी, एवढे केल्याशिवाय सर्व्हर बाहेरून खुला करू नये. गेटवेसाठी वेगळे कॅल लागत नाही, त्यामुळे खर्चाची सबबही उरत नाही.

सीईआरटी-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांत द्यावी लागते, यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि सर्व्हरचे घड्याळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावे लागते. हे निर्देश डेटा सेंटरपुरते मर्यादित नाहीत. कंपन्याही त्यांच्या कक्षेत येतात. नोंदींसाठी डिस्कवर जागा सुरुवातीलाच राखून ठेवावी.

स्वतःचा की भाड्याचा

गाझियाबादमध्ये स्वतःच्या कार्यालयात सर्व्हर ठेवण्याला हवामानाचा आणि विजेचा खर्च जोडलेला आहे. एप्रिल ते जून या काळात पारा चाळिशीपलीकडे जातो, म्हणजे कार्यालय बंद असतानाही सर्व्हरच्या खोलीचे वातानुकूलन चालू ठेवावे लागते. वीज गेल्यावर डिझेल जनित्राचा आधार पूर्वी गृहीत धरला जात असे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १ ऑक्टोबर २०२३ पासून, उत्सर्जन नियंत्रण उपकरण किंवा दुहेरी इंधनाची सोय नसलेल्या जनित्रांवर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे यूपीएसची क्षमता ठरवताना सर्व्हर व्यवस्थित बंद करण्यापुरता वेळ धरायचा की दोन तास काम चालू ठेवायचे, हे आधी ठरवावे लागते. दोन्हींच्या किमतींत फार फरक आहे.

भाड्याच्या सर्व्हरवर ही काळजी पुरवठादाराची होते, परंतु परवान्याचा प्रश्न संपत नाही, त्याचे रूप बदलते. इतरांना सेवा विकणाऱ्या कंपनीला मायक्रोसॉफ्टशी सेवापुरवठादारांचा स्वतंत्र करार करावा लागतो आणि त्यात परवान्याचे पैसे महिन्याला, माणशी मोजले जातात. त्या महिन्यात प्रवेशाचा अधिकार असलेला प्रत्येक जण त्यात येतो, त्याने तो वापरला नाही तरी. नोकरी सोडून गेलेल्यांची खाती बंद न करणारे कार्यालय म्हणूनच दरमहा अकारण पैसे भरत राहते. कर्मचारी कमी-जास्त होत असतील, हंगामी काम असेल, तर भाड्याचा मार्ग सोयीचा. पाच-सहा वर्षे संख्या स्थिर राहणार असेल आणि सर्व्हर सांभाळणारा जाणकार हाताशी असेल, तर स्वतःचा सर्व्हर स्वस्त पडू शकतो.

भाड्याने घेताना तीन गोष्टी लेखी मागाव्यात. दरपत्रकातील ‘युजर’ म्हणजे नोंदवलेला कर्मचारी की एका वेळी जोडलेला. आरडीएस आणि ऑफिसचे परवाने त्या दरात धरलेले आहेत की ग्राहकाने आणायचे आहेत. आणि करार संपल्यावर माहितीची प्रत किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळेल. टॅली क्लाउडवर देणाऱ्या स्वस्त जाहिरातींत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा सापडत नाहीत. विचारल्यावर ती टाळली गेली, तर त्या दरातून परवान्यांचा खर्च वगळलेला असण्याचीच शक्यता अधिक.